सुईचा उपास

उपासाच्या बाबतीत मखमलाबादच्या नवसाबाईंना कुणी काही शिकवावं, ही गोष्टच अशक्य. एकादशी कधी, संकष्टी कधी, चंद्र किती वाजता उगवणार, हे बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता सांगायच्या. उपासाला कोथिंबीर चालते की नाही, जिरं चालतं का, यावर गल्लीतल्या सुना भांडायला लागल्या की शेवटचा निकाल यांचाच. आणि अशा बाईने उपासातच माती खावी, याला काय म्हणायचं? पण खाल्ली खरी. आता माती म्हणजे, खरं सांगायचं तर, ताटलीभर साबुदाण्याची खिचडी होती. वर सायीचं दहीही होतं.

झालं असं, की डिसेंबरच्या थंडीत बाईंना लागोपाठ दोनदा चक्कर आली. एकदा मेथीच्या वाफ्यात आणि एकदा देवासमोर निरांजन ओवाळताना. सून छाया त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. त्या संध्याकाळी छाया एकीकडे पोळ्या लाटत होती, एकीकडे वेदिकाला गणित समजावत होती आणि त्याच घाईत तिने सासूला सांगून टाकलं, "आई, उद्या सकाळी लॅबमध्ये जायचंय बरं का. फास्टिंगची टेस्ट आहे."

"फास्टिंग म्हंजी?"

"उपास हो आई, उपास!"

"मंग काय, उद्या अंगारकीच हाय. माझा उपास हायेच."

"बरं झालं," छाया म्हणाली, आणि दोघींचंही समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी छाया वेदिकाला शाळेत सोडायला गेली. तेवढ्यात नवसाबाईंनी आंघोळ केली, गणपतीला जास्वंद वाहिली आणि उपासाच्या नियमात जे जे बसतं ते ते पोटात घातलं. खिचडी, दही, एक केळं आणि वर चांगला गोडमिट्ट चहा. मग त्यांचा एकुलता एक लेक महेश त्यांना गाडीवर बसवून लॅबमध्ये घेऊन गेला. तिथल्या मुलीने दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "आजी, उपास आहे ना?"

"हाय तर! चंद्र दिसल्याबिगर सोडत नाय मी."

मुलगी हसली आणि तिने सुई टोचली.

रिपोर्ट आला. साखर वाढलेली! डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "घाबरू नका. रक्त कमी आहे, म्हणून चक्कर येते. पालेभाज्या खा, उपास जरा आवरा. साखरेचं म्हणाल तर लगेच गोळी देत नाही. गोड कमी, तेल कमी, आणि रोज चालायचं. दोन महिन्यांनी परत तपासू. तेव्हाही एवढीच निघाली तर मग गोळी."

नवसाबाईंना साखरेचं विशेष काही वाटलं नाही. साठी उलटली की माणसाला काहीतरी व्हायचंच, आणि गावात आज कुणाला नाही साखर? त्यांना धक्का बसला तो लेकाचं तोंड बघून. महेश पार पांढराफटक पडला होता.

इथे महेशचं जरा सांगायला पाहिजे. बेचाळीसचा गडी, पेठ रोडला बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. दिवसभर खुर्ची सोडायची नाही. येईल त्या शेतकऱ्याला चहा मागवायचा, आणि बिचाऱ्याने एकट्याने कसा प्यायचा म्हणून आपणही घ्यायचा, असा मोठ्या मनाचा दुकानदार. रविवारी मित्रांबरोबर मिसळ. एक प्लेट भुकेसाठी, दुसरी मैत्रीसाठी, तर्री वेगळी, वर जिलबी. पोट असं सुटलं होतं की बुटाची नाडी बांधायला वेदिकाला हाक मारायचा. जिना चढून वर आला की दाराबाहेर उभं राहून आधी श्वास गिळायचा आणि मग बेल वाजवायचा, म्हणजे घरच्यांना कळू नये. पण आतून आईला ऐकू यायचं. ती धाप नवसाबाईंच्या ओळखीची होती. त्यांचे मालक गोटीराम असेच धापा टाकायचे. बावन्नाव्या वर्षी कोबीच्या गोण्या टेम्पोत चढवताना खाली बसले ते उठलेच नाहीत.

त्याच्या आठ दिवस आधी महेशनेच त्यांना ओढत नेऊन सगळ्या तपासण्या केल्या होत्या. साखर निघाली, हृदयाचंही निघालं, आणि औषधं नीट सुरू व्हायच्या आत माणूस गेला. तेव्हापासून पोराच्या डोक्यात एकच बसलं. तपासलं की निघतं. तपासलं नाही, तोवर माणूस धडधाकट! छायाने समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला, एकदा तर दिंडोरीला माहेरी जाऊन बसली. नवसाबाईंनी गळ्याची शपथ घातली. याचं आपलं एकच पालुपद, "मला काय धाड भरलीय?" लेकाने बापाच्या वाटेने जाऊ नये, एवढं एकच मागणं बाई देवाकडे मागत होत्या. ते सगळे सोमवार आणि चतुर्थ्या दुसऱ्या कशासाठी चालल्या होत्या?

आणि आता गंमत बघा. स्वतःच्या पोटाकडे ढुंकून न बघणारा हा गडी आईचा रिपोर्ट घेऊन घरी आला आणि त्याने साखरेचा डबा उचलून थेट शेजारी देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे, दात वाजतील अशा थंडीत, कानटोपी घालून आईच्या दारात उभा.

"ऊठ. पाटावर चालायला जायचंय."

गंगापूर धरणाचा कालवा गावाला लागून जातो, त्याला सगळे पाट म्हणतात. सकाळी अर्धं गाव त्याच्या कडेने चालतं.

"मी जाईन की सुमनसंगं," नवसाबाई पांघरुणातून म्हणाल्या. "तू कशाला?"

"आणि चक्कर येऊन पाटात पडलीस, तर सुमनमावशी उडी मारणारे का? चल!"

पहिल्या दिवशी पुलापर्यंत जाईस्तोवर महेशची अशी दमछाक झाली की तो कठड्यावर बसला, आणि साखरेच्या पेशंट नवसाबाई पदर खोचून शेजारी उभ्या. शेताच्या बांधावर राबलेली बाई, तिला चालण्याचं काय! शेजारची सुमनबाई मागून आली. या सुमनबाईला सहा वर्षांपासून खरोखरची साखर आणि तोंडाला कसलंच कुलूप नाही. ती म्हणाली, "नवसा, साखर नक्की कुणाला झालीय गं? तुला का तुझ्या लेकाला?" महेश हसला, पण त्याला बोलायला श्वास नव्हता.

खाण्याचं तर विचारूच नका. या घराची एक जुनी रीत होती. दीड एकरात मेथी, पालक, कोथिंबीर, गिलकी, बांधाला झेंडू. पहाटे जुड्या बांधल्या की कोवळ्या, हिरव्यागार तेवढ्या मार्केटला, आणि निबर, किडक्या उरतील त्या गाईला. घरात काय शिजायचं? बटाटा, नाहीतर शेवभाजी. गोटीराम म्हणायचे, "चांगला माल विकायचा असतो, खायचा नसतो." भाजीवाल्याच्या घरात भाजी सोडून सगळं मिळायचं. ती रीत महेशने एका दिवसात मोडली. जुड्या बांधायला घेतल्या की पहिली जुडी आईची, तिला हात लावायचा नाही, असं त्याने सांगून टाकलं. आणि मग आईला एकटीला पाला खायला घालून आपण शेवभाजी ओरपायची, हे काही त्याला बरं दिसेना. हळूहळू सगळ्यांच्याच ताटात बाजरीची भाकरी, घट्ट वरण, लसणाची फोडणी दिलेली मेथी आणि मुळ्याची कोशिंबीर आली. वेदिकाने पहिले चार दिवस नाक मुरडलं. पाचव्या दिवशी तिला बिस्किटाचा पुडा कुठेच सापडेना, तेव्हा तिने गाजर खाल्लं. ही सगळी छायाची करामत. पुडे आणणंच तिने बंद केलं होतं.

मिसळीचं प्रकरण मात्र अवघड होतं. एका रविवारी महेश गुपचूप जाऊन आला. घरात पाऊल टाकतो तोच आईने विचारलं, "तर्री झणझणीत होती का रे?" विचारताना बाईंनी तोंड असं केविलवाणं केलं की महेशने मान खाली घातली. बाई तशा बेरकी होत्याच. पुढच्या रविवारी तो गेला नाही. मटकीला मोड आणून छायाने घरीच मिसळ केली, तेल कमी, कांदा-लिंबू भरपूर. महेश म्हणाला, "मिसळ म्हणवत नाही हिला, पण खाववते."

आता मुख्य गोष्ट ऐका. तीनेक आठवडे झाले असतील. नवसाबाई आणि सुमनबाई पाटाच्या कडेला बसल्या होत्या, महेश पुढे गेला होता. सुमनबाई आपल्या तपासण्यांची रडगाणी गात होती. "आणि मेलं सगळ्यात वाईट ते काय, तर तपासणीच्या दिवशी चहाचा घोटसुद्धा नाय. पाण्याबिगर काय चालत नाय."

"उपासाचं चालतं ना पण," नवसाबाई अधिकाराने म्हणाल्या. "खिचडी, केळं..."

सुमनबाईने वळून बघितलं. "तू काय खाऊन गेली होतीस?"

नवसाबाईंनी सांगितलं. दह्यासकट सांगितलं.

सुमनबाईचे आधी खांदे हलायला लागले, आणि मग ती इतकी हसली की तिला मातीत हात टेकावा लागला. "अगं बये! अगं तो देवाचा उपास नाय, सुईचा उपास! तिथं तुझा साबुदाणा चालत नाय! एवढी खिचडी हाणून रक्त दिल्यावर साखर नाय निघणार तर काय कापूर निघणार? नवसा, तुला साखरबिखर काय नाय गं!"

नवसाबाईंना आधी लाज वाटली. भयंकर लाज वाटली. आख्ख्या गल्लीला उपास सांगणारी बाई, आणि हे? मग आनंद झाला. साखर नाही! म्हणजे उद्यापासून चहात साखर, गुळाचा खडा, सगळं परत! त्या उठल्यासुद्धा, घरी जाऊन छायाला सांगायला.

तेवढ्यात लांबून महेश येताना दिसला. त्या दिवशी तो पहिल्यांदा न थांबता पाटाच्या गेटापर्यंत जाऊन परत आला होता. घामाने थबथबलेला, कानटोपी हातात. तिथूनच लहान पोरासारखा हात वर करून ओरडला, "आई! गेटापर्यंत! एकदाही बसलो नाही!"

नवसाबाई जागच्या जागी थांबल्या. खरं सांगितलं की हा उद्या पहाटे उठणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. हा चालत होता तो आईच्या साखरेसाठी. स्वतःसाठी हा पठ्ठ्या एक पाऊल टाकणारा नव्हता.

"सुमन," त्या हळूच म्हणाल्या, "तोंडातनं शब्द काढलास तर याद राख."

"अगं पण..."

"तुला तुझ्या नातवंडांची आण हाय."

सुमनबाईने एकदा महेशकडे बघितलं, एकदा मैत्रिणीकडे. तिचं हसू विझलं होतं. "नाय काढायची मी," ती म्हणाली. आणि खरंच, त्या बाईने तोंडाला पहिल्यांदा कुलूप लावलं.

तेव्हापासून नवसाबाईंना नसलेली साखर सांभाळायचं काम लागलं. असलेल्या साखरेपेक्षा हे अवघड, कारण मन पदोपदी म्हणतं, खा की, तुला काय झालंय? संक्रांत आली. छायाने खास महेशसाठी म्हणून गुळपोळ्या केल्या. खरपूस, वर तूप. त्या वासाने बाईंच्या जिवाची नुसती घालमेल झाली. त्यांनी देवापुढे नैवेद्य ठेवला आणि आपल्या ताटात भाकरी घेतली. महेशने एक पोळी खाल्ली. दुसरीला हात घातला, आईच्या ताटाकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. "बास," म्हणाला. आयुष्यात गुळपोळीला बास न म्हटलेला माणूस! नवसाबाईंनी खाली बघून भाकरीचा तुकडा मोडला. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही येत होतं.

बदल दिसायला लागला होता. महेश परत जमिनीवर मांडी घालून जेवायला बसू लागला आणि उठताना कुणाचा हात मागेना. दुकानात उभ्या उभ्या गिऱ्हाईकाशी बोलायचा. संध्याकाळी अंगणात वेदिका दोरीवरच्या उड्या मारायची, तिथे जाऊन हाही दोन उड्या मारायचा आणि तिसरीला दोरीत अडकायचा. जिना चढून आला की थेट बेल वाजायची. पण एकदा छायाने सहज म्हटलं, "आईंची टेस्ट आहेच पुढच्या महिन्यात, तुमचीही करून टाकू," तर त्याने ताट सरकवलं आणि उठून गेला. धाप गेली होती, भीती तिथेच होती.

फेब्रुवारी उजाडला. टेस्टचा दिवस जवळ आला. आदल्या दिवशी त्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या आणि महेश अंगणात फोनवर मित्राशी बोलत होता. "अरे, उद्या आईचा रिपोर्ट आहे. चांगलाच येणार, बघ तू. मग या रविवारी मिसळ पक्की! दोन महिन्यांची कसर काढू. हो, मग काय, पहाटेचं उठणं पण संपलं. सुटलो एकदाचा!"

सुटलो. तो शब्द नवसाबाईंच्या काळजात घुसला. लसणाच्या पाकळ्या हातातच राहिल्या. रिपोर्ट चांगला आला तर लेक सुटणार, आणि सुटून जाणार कुठे, ते त्यांनी एकदा बघितलं होतं. त्या उठल्या, फडताळातून साबुदाणा काढला आणि धुऊन भिजत घातला. छायाने बघितलं, तेव्हा म्हणाल्या, "वेदिकाच्या डब्याला."

पहाटे त्यांनी महेशला सांगितलं, "आज तू एकटाच जा. माझा पाय जरा जड झालाय." तो कुरकुरत गेला. तो गेल्यावर बाईंनी गणपतीला हात जोडले. "देवा, खोटं करतेय. पाप लागलं तर मला लागू दे." मग खिचडी फोडणीला टाकली, ताटलीत घेतली आणि ओट्याशी उभ्या उभ्या भराभरा खायला लागल्या. चव लागत नव्हती. औषधासारखी गिळत होत्या.

"आई!"

छाया दारात उभी होती, हातात चहाचा कप. "अहो, आज टेस्ट आहे! आणि आज कसला उपास?"

नवसाबाईंच्या तोंडात घास होता. तो गिळला आणि मग सगळं सांगून टाकलं. अंगारकी, दही, सुमनचं हसणं, पाटाचं गेट, सगळं. छाया ऐकता ऐकता आधी हसली, अगदी कप हिंदकळेपर्यंत हसली, आणि मग हसता हसताच तिचे डोळे भरले. "चूक माझीच," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, उपास. पण आई, हे काय करताय? आज परत साखर निघाली तर गोळी सुरू करतील. नसलेल्या आजाराची गोळी! काही झालं म्हणजे?"

"करू दे सुरू. खाईन मी."

"कायमची?"

"मरस्तोवर खाईन. माझं काय राहिलंय आता? पण तो चालला पायजे, छाया. मला साखर हाय तोवर तो चालतो. साखर संपली की चालणं संपलं. कालच म्हणत होता फोनवर, सुटलो."

"मग मला सांगायचं नाही का? मी नाही का घाबरत?" छायाचा आवाज फुटला. "रात्री ते घोरायचे थांबले की मी उठून नाकाशी बोट धरते, माहितीये तुम्हाला? रोज!"

सासूने ताटली ओट्यावर ठेवली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग दोघींनाही एकदमच कळलं की मागे कुणीतरी आहे.

महेश उंबऱ्यात उभा होता. आईचा पाय जड म्हणून पुलावरूनच मागे फिरला होता. कधीपासून उभा होता देव जाणे.

"म्हणजे तुला साखर नाहीये?"

"नसावी," नवसाबाई पुटपुटल्या.

"आणि दोन महिने तू मला..." त्याचा आवाज चढला. "फसवलंस मला! माझी मिसळ बंद! चहा बंद! एवढ्या थंडीत पहाटे उठवलंस मला!"

"उठवायचा तू मला," नवसाबाई हळूच म्हणाल्या.

ते खरंच होतं. महेशची नजर ओट्यावरच्या ताटलीकडे गेली. "आणि आज मुद्दाम खाल्लीस? गोळी घ्यायला तयार झालीस? वेडी आहेस का तू?"

"आसंन वेडी. तू दाराभाईर उभा राहून श्वास गिळायचास, तुला वाटायचं कुणाला ऐकू येत नाय. मला सगळं ऐकू यायचं रे. तुझ्या बापाचं ऐकलंय मी. परत नाय ऐकवणार मला. त्यापरीस गोळी बरी."

महेश तिथेच, उंबऱ्याजवळ खाली बसला. बूट तसेच पायात. बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मला भीती वाटते गं, आई. बापूंना मीच नेलं होतं. कागद मीच आणला. नेलं नसतं तर..."

"तरी गेलेच असते," नवसाबाई त्याच्या शेजारी बसल्या. "उलट आधी नेलं असतं तर राहिले असते. कागदानं माणूस जात नाय, लेका."

"कळतं मला. पण भीती वाटते."

नवसाबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. आतल्या खोलीत वेदिका उठल्याचा आवाज आला. छायाने नाक पुसलं, घड्याळाकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लॅबमध्ये नंबर लावलाय आपला. आईंचं तर आज काही होणार नाही, पोटभर खिचडी झालीय. मी फोन करून सांगते, येत नाही म्हणून." तिने मोबाईल हातात घेतला.

"नको सांगू," महेश म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. तो भिंतीला हात न लावता उठला. घसा खाकरला, आणि आईकडे बघून म्हणाला, "मी उपाशी आहे."

लेकाच्या तोंडून हे शब्द आले की नवसाबाईंचे हात जन्मभर आपोआप चुलीकडे वळत आले होते. आजही वळले. कढईत खिचडी अजून वाफाळत होती. त्यांनी तिच्यावर झाकण घातलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तसाच चल."